एकविसाव्या पानाखालचा ठिपका

१८ सप्टेंबर

पोचले एकदाची. नागपूर ते पुलगाव दोन तासांचा प्रवास, पण सामान एवढं की डब्यातल्या लोकांना वाटलं बाई बिऱ्हाड मोडून निघाली. दोन पिशव्या कपड्यांच्या आणि चार पुस्तकांच्या. ग्रंथपाल म्हणून रुजू व्हायला निघालेली बाई घरून पुस्तकं नेते म्हणजे हलवायाने दुकानात जाताना पेढ्यांचा डबा नेल्यासारखं आहे, असं आई स्टेशनवर म्हणाली. म्हणू दे. हलवायाचं मला माहीत नाही, मी मात्र परक्याच्या पुस्तकांवर पहिल्याच दिवशी झोपू शकत नाही.

वाचनालय स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. पुढे वाचनकक्ष, मागच्या अंगाला ग्रंथपालासाठी दोन खोल्या आणि मोरी. वाचनकक्षाला रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीशी हातांची जुनी लाकडी खुर्ची. पिशव्या टेकवायच्या आधी मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. पाठ टेकली की उठावंसंच वाटत नाही. इथे आपलं जमणार.

गोपिकाबाई म्हणून एक बाई झाडलोट करते, वीस वर्षं झाली. तिने आल्याआल्या सांगून टाकलं की मॅडम, मले वाचता येत नाई, पण कोन्तं पुस्तक कुठी हाये ते अंधारातबी सांगतो. मग संदर्भग्रंथांच्या कपाटाला मोबाईल टेकवून मोठ्या आवाजात मालिका लावली आणि झाडू घेतला. मी कशाला टोकतेय. आपला स्क्रीनटाइम कोणी विचारला तर कुठे तोंड दाखवू.

ही वही वेदूने दिली. वेदश्री, माझी लेक, चौथीत आहे. सुमीत आणि मी वेगळे झालो तेव्हापासून आई, वेदू आणि मी अशा तिघीच. शाळा मधेच बदलायला नको म्हणून या वर्षी ती आईकडे नागपुरातच राहील. तिने पहिल्या पानावर लिहिलंय, आई, मोबाईल बघू नको, यात लिही. तिची तक्रार खरी आहे. मी घरात असते, पण हातात एक तर पुस्तक असतं नाही तर फोन, आणि ती काय बोलते त्यावर माझं आपलं हं, हं. मागे तिने मुद्दाम सांगितलं, आई, घराला आग लागली. मी म्हणाले होते, हं, जेवून घे.

२१ ऑक्टोबरला ती दहा वर्षांची होते, आणि यंदा नेमकं त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. मी शब्द दिलाय की तो अख्खा दिवस तिचा. पुस्तक नाही, फोन नाही. हा शब्द मोडला तर ती मला पुन्हा काही सांगायला येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

२१ सप्टेंबर

चार दिवसांत सभासदांशी ओळख झाली. बहुतेक निवृत्त मास्तर आणि इथल्या दारूगोळ्याच्या डेपोत नोकरी केलेले बाबू, सकाळी पेपरला आणि संध्याकाळी रहस्यकथेला येतात. दिवाळी अंक आले की आधी कोणाला, यावरून यांच्यात दरवर्षी अबोले होतात म्हणे. दोन आजोबा गेल्या दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नाहीत आणि तरी रोज एकाच बाकावर बसतात.

इथली एक गंमत मला फार आवडली. वाचून वाचून लोक विसरतात की कोणतं पुस्तक वाचलंय. निम्मी कादंबरी झाल्यावर आठवतं की खून दिवाणजीनेच केलाय, आणि मग डोक्याला हात. म्हणून प्रत्येकाने आपली एक खूण ठरवलीय. पुस्तक संपलं की ठरलेल्या पानावर ती करायची. एक मास्तर चाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यात बारीक ‘व’ काढतात. एक बाई अकराव्या पानाला सुईने भोक पाडतात. पुस्तक हाती घेतलं की आधी आपलं पान उघडायचं. खूण असेल तर ते झालेलं, ठेवा परत. नियमाने मी यांना ओरडायला हवं. ओरडले नाही, उलट स्वतःचीच खूण ठरवली. एकविसाव्या पानाच्या आकड्याखाली शाईचा एक ठिपका. वेदू एकवीस तारखेची ना.

२८ सप्टेंबर

दहा दिवसांत पाच पुस्तकं. दुपारी एक ते चार वाचनालय बंद, गोपिकाबाई घरी, खिडकीतून लिंबाची सावली आणि मी त्या खुर्चीत. याहून सुख ते काय असतं. फोनचे तास निम्मे झाले, वेदूला सांगितलं तर म्हणाली की पुस्तकाचे तास कोण मोजणार. कार्टी माझ्यावरच गेलीय.

एक गोष्ट लिहून ठेवते. हल्ली कपाटातून काढावं त्या पुस्तकाच्या एकविसाव्या पानाखाली आधीच ठिपका असतो. जुनी शाई, विटलेली. माझ्यासारखीच एकवीस आवडणारी कोणीतरी होती म्हणायचं.

३ ऑक्टोबर

काल दसरा. सोनं वाटायला आलेल्या सभासदांनी टेबलावर आपट्याच्या पानांचा ढीग केला. आज गोपिकाबाई तो आवरत होती आणि मी वाचून संपलेल्या पुस्तकावर ठिपका देत होते. तिचा हात थांबला. म्हणाली, मॅडम, हे तं बंडोपंताची खूण हाये. तुमी काऊन घेतली?

मग तिने सांगितलं. बंडोपंत डेपोच्या ऑफिसात कारकून होते. चाळीस वर्षं रोज याच खुर्चीत बसून त्यांनी वाचनालयातलं एकूण एक पुस्तक वाचलं. यंदाच्या वैशाखात वारले. माणूस गेला की घरचे पुस्तकं परत आणतात आणि ग्रंथपाल वहीत त्याच्या खुणेपुढे ‘निरंक’ लिहितो, म्हणजे याचं काही देणं-घेणं उरलं नाही. नावापुढे नाही, खुणेपुढे, कारण एका नावाचे तीन-तीन सभासद असतात. पंतांचं निरंक राहून गेलं. आधीचे ग्रंथपाल निवृत्त होऊन मुलाकडे गेले, कोणी लक्ष दिलं नाही. आणि निरंक झाल्याबिगर मेलेल्याची खूण कोनी घेत नाई, असं ती दोनदा म्हणाली.

मी हसले. म्हटलं, पंतांना माझी अडचण होणार नाही, त्यांचं सगळं वाचून झालंय. ती हसली नाही.

७ ऑक्टोबर

दिवाळी अंकांचं पार्सल आलं, बत्तीस अंक. सुतळी मीच कापली. कोऱ्या अंकाचा वास मला अत्तरापेक्षा प्रिय आहे, तेव्हा गोपिकाबाईला चहाला पाठवून एकटीनेच एकेक उघडत बसले. एका अंकाची पानं कडेला चिकटलेली होती, छापखान्यात नीट कापली नव्हती. पट्टीने फोडली. आत एकविसाव्या पानाखाली ठिपका.

बत्तीसच्या बत्तीस अंकांत आहे. शाई ओली नाही, पण ताजी आहे. म्हटलं छपाईचा दोष असेल. वेगवेगळ्या बत्तीस छापखान्यांचा एकच दोष.

मग त्यातली एक रहस्यकथा वाचायला घेतली आणि पहिल्या परिच्छेदालाच शेवट कळला. ओळखला नाही, कळला. शेवटचं पान काढून पाहिलं, शेवटचं वाक्यसुद्धा शब्दाला शब्द तेच. दुसरी कथा, तिसरी, तेच. या मी कधीच वाचलेल्या नाहीत. अजून कोणीच वाचलेल्या नाहीत.

१० ऑक्टोबर

आता कोणतंच पुस्तक उरलं नाही. हातात घेते आणि ते झालेलं असतं. घरून आणलेल्या चार पिशव्यांतलंसुद्धा. फोनवर ज्या मालिकेची मी वर्षभर वाट पाहिली तिचा नवा भाग आज सकाळी आला. एकविसाव्या मिनिटाला आकड्याखाली काळा ठिपका दिसला. बोटाने पुसला, पदराने पुसला. पुढचं सगळं मला ठाऊक होतं.

मी आज बसून रडले. लोकांना हसू येईल, पण माझ्याजवळ हेच एक होतं. पुढे काय होणार ते माहीत नसणं, एवढंच तर सुख. तेच कोणीतरी चाटून नेलं.

माझ्या खुणेवर रबर घासलं. ओल्या फडक्याचा बोळा करून पुसलं. कागद फाटला, ठिपका खालच्या पानावर होता.

१३ ऑक्टोबर

गोपिकाबाई आज खुशीत आली. म्हणाली, मॅडम, काल तुमी बाजारात चांगल्या फिरल्या माह्यासंगं, रोज येत जा. मी म्हणाले कोण मी? तिला वाटलं मी थट्टा करून राह्यली. मी म्हणे तिच्याबरोबर आठवडी बाजारात गेले, आलूबोंडे खाल्ले, वांग्यांचा भाव विचारला, तिला किती लेकरं, सासर कुठलं, सगळं विचारलं. वीस वर्षांत इथल्या एकाही ग्रंथपालाने तिला लेकरांचं विचारलं नव्हतं म्हणे.

मी काल दुपारी खुर्चीत बसले होते. एवढंच आठवतं. बाजार आठवतो, पण तो वाचलेल्या पुस्तकासारखा. काय झालं ते सांगता येतं. आलूबोंड्याची चव मात्र नाही. कॅलेंडर पाहिलं. बारा तारखेखाली ठिपका आहे.

माझं वाचन संपलं म्हणून मी रडत होते. पण हा खुणेचा मालक आता माझे दिवस वाचतो आहे.

१७ ऑक्टोबर

मधले दोन दिवस गेले. चौदा आणि पंधरा. दोन्हींखाली ठिपके.

ठरवलं. इथे थांबायचं नाही. दिवाळीची सुट्टी उद्यापासून, उद्या सकाळच्या गाडीने नागपूर. एकदा वेदू समोर असली की काय होतंय. बॅग भरली, तिच्यासाठी घेतलेला निळा फ्रॉक वर ठेवला. पुस्तक एकही घेतलं नाही. कॅलेंडरवर एकवीसचा चौकोन स्वच्छ आहे, तीनदा पाहिला. हा दिवस मी कोणाला देणार नाही.

२४ ऑक्टोबर

खुर्चीत आहे.

बॅग पायाशी. आत आईने दिलेला चकल्यांचा डबा. निळा फ्रॉक नाही. माझ्या नखांत रांगोळीचा रंग आहे आणि अंगठ्याला फुलबाजीचा चटका. चटका दुखतसुद्धा नाही.

दिवाळी झाली. लक्ष्मीपूजन झालं, वाढदिवस झाला, भाऊबीज झाली. कॅलेंडरवर अठरापासून ओळीने ठिपके.

वेदूला फोन केला. आवाज ऐकूनच कळलं की लेक खूश आहे. म्हणाली की आई, हा माझा सगळ्यात भारी वाढदिवस. तू एकदापण फोन नाही पाहिला. चार तास माझ्याशी व्यापार खेळली आणि हरली तरी चिडली नाही. तिला गंमत एकाच गोष्टीची वाटली. मी तिला सगळं नव्याने विचारत होते म्हणे, मैत्रिणींची नावं, भाजी कोणती आवडते, कितवीत आहेस तेसुद्धा. आणि ती सांगत होती ते पूर्ण ऐकत होते. एकदाही हं म्हणाले नाही.

मी तिला सांगणार होते की वेदू, ती मी नव्हते. कसं सांगू? दहा वर्षांत मी तिला जे दिलं नाही ते तिला सहा दिवसांत मिळालं, आणि ते देणारी मी नव्हते. तोंडातून आलं ते फक्त हं.

परवा, रविवारी, आजीबरोबर ती इथे येते आहे. उरलेली सुट्टी माझ्याजवळ राहायला.

२५ ऑक्टोबर

सकाळीच शरयूकाकूंकडे गेले, बंडोपंतांची बायको. घर दोन गल्ल्या सोडून. सगळं सांगितलं. बाई दचकल्या नाहीत. त्यांनी लाडू पुढे केला आणि म्हणाल्या की हे असंच होणार होतं.

पंतांनी चाळीस वर्षांत पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. मुलीच्या लग्नात मांडवात पुस्तक. मंगलाष्टकं संपली तेव्हा अक्षता त्यांच्या मुठीतच होत्या, पान उलटायला दुसरा हात. शेवटच्या आजारात मात्र लहान मुलासारखे रडले. म्हणाले की शरयू, साऱ्या जगाचं वाचलं, माझं स्वतःचंच वाचायचं राहून गेलं.

काकूंनी दोन पुस्तकं काढून दिली, त्यांच्या उशाची. ही जमा करा, म्हणाल्या, आणि खुणेपुढे निरंक लिहा, मग सुटतील ते. निघताना दारात थांबवलं. म्हणाल्या, लिहायच्या आधी ते अजून एकदा आले तर इकडे चहाला पाठवाल का. माझ्याशी ते कधी बोललेच नाहीत हो.

पाठवणार नाही. वेदू उद्या येतेय.

दुपारी. पुस्तकं जमा केली. मोठी वही काढली, मागच्या पानांवर खुणांची यादी आहे. ‘एकवीस, आकड्याखाली ठिपका.’ त्यापुढे शाईने लिहिलं, निरंक. खाली सही आणि तारीख.

झालं. छातीवरचं ओझं उतरलं. फार हलकं वाटतंय. जरा खुर्चीत टेकते.

२६ ऑक्टोबर, सकाळ

फार हलकं वाटतंय.

खूण माझी होती. मीच घेतली होती. खूण दोघांची झाल्यावर पंतांना नावानेच सोडवायला हवं होतं, आणि मी लिहिलं खुणेपुढे. त्या खुणेचं काही देणं-घेणं उरलं नाही, असं मीच, माझ्याच सहीने —

दार उघडं आहे. उंबरठा ओलांडला की पुन्हा खुर्चीत. सात वेळा केलं. खिडकीतून हात काढला तर हात टेबलावर, या वहीवर. दुसरं काही हाताला लागत नाही. फक्त हे लिहिता येतं.

गोपिकाबाई आली. झाडू माझ्या पायांवरून गेला, पायांमधून. तिला हाका मारल्या. तिने मालिका लावली.

मग तिने मान वर केली आणि माझ्या मागे कोणाला तरी विचारलं की मॅडम, स्टेशनावर चालल्या काय? लेक येऊन राह्यली ना?

माझ्या आवाजात हो म्हणालं कोणीतरी. माझी हिरवी साडी. माझी पर्स. केस छान विंचरलेले, मी कधी विंचरत नाही इतके. जाता जाता तिने — त्याने — आरशात नाही, माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पुस्तक परत करताना लोक कव्हरवरून हात फिरवतात ना, तसं.

साडेदहा

गाडीची शिट्टी. सात मिनिटं लागतात.

रस्त्यावर दिसतात. आई मागे, पिशवी घेऊन. वेदू पुढे, निळा फ्रॉक, त्या हिरव्या साडीवालीचा हात धरून. बोलतेय, बोलतेय, उड्या मारतेय. ती खाली वाकून ऐकतेय. वेदू इतकं बोलते हे मला —

वेदू. वर बघ. खिडकीत.

नाही पाहिलं.

आत आल्या. वेदू टेबलाशी आलीय. माझ्या अगदी जवळ, केसांना खोबरेल तेलाचा वास असेल, मला येत नाही. म्हणते, आई ही तर मी दिलेली वही, तू खरंच लिहिलंस? उघडते आहे. पहिलं पान. पुढचं. ती वाचते, ओठ हलवत वाचते, अजून तशीच

वेदू मी इथे आहे. तुझ्या बोटाखाली. ती मी नाही. शेवटचं पान काढ, हे, हे जे आत्ता उमटतंय ते. सगळं ऐकेन आता, शाळेचं, मैत्रिणींचं, सगळं, तू फक्त

पान काढलं. तिला दिसतंय. ती थांबलीय. ती म्हणते आई अक्षरं

मागून माझा हात येतो. म्हणते, दे इकडे बाळा, ते झालंय माझं वाचून. चल, तुला भूक लागली असेल. वेदू म्हणते थांब ना एक मिनिट. वहीची कड धरलीय तिने, दोन्ही हातांनी, शाब्बास, धरून ठेव, सोडू नको वेदू, आजीला दाखव, मिटू देऊ नको, मि